रक्त वाढवण्याच्या गोळ्या आणि आतड्याचा दाह

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत आतड्याच्या दाहक विकारांवरील एक लेख नुकताच प्रसिद्ध झाला. लोह, जस्त, मॅग्नेशियम आणि सेलेनियम यांची पूरके नियमित घेतली तर क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे दोन्ही आजार आटोक्यात येतात, असा त्याचा एकंदर सूर होता. नौपाड्यात दीर्घकाळ औषधांचे दुकान चालवून आता निवृत्त झालेला फार्मासिस्ट म्हणून मला त्यावर लिहावेसे वाटते, कारण त्या लेखातील निम्मी माहिती बरोबर आहे आणि वाचकाची दिशाभूल बहुधा अशाच लेखांनी होते. या रुग्णांच्या शरीरात खनिजांची कमतरता निर्माण होते, ती तपासून भरून काढलीच पाहिजे आणि ती भरून निघाली की थकवा, धाप, पायांतले गोळे यांत खरोखर फरक पडतो, हे सारे खरे आहे. परंतु ही कमतरता बहुतांशी दाहामुळे निर्माण झालेली असते. ती भरून काढल्याने मूळ दाहही शमतो, असे म्हणण्याइतका पुरावा आज उपलब्ध नाही. लेखात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे आणि तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

आजाराविषयी थोडक्यात सांगतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात आणि शौचावाटे रक्त व आव जाते. क्रोन्समध्ये पचनमार्गाचा कोणताही भाग बाधित होऊ शकतो, पुष्कळदा लहान आतड्याचा शेवटचा भाग, आणि दाह आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत उतरतो. बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधून १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हे विकार फक्त पाश्चात्त्यांचे, ही समजूतही आता सोडायला हवी. पंजाबमधील एका पाहणीत, जिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले, लाखामागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे आढळले होते. आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांची लक्षणे, इतकेच नव्हे तर दुर्बिणीतून दिसणारे चित्रही, बरेचदा इतके सारखे असते की अनुभवी तज्ज्ञालाही बायोप्सी आणि इतर तपासण्यांवाचून ठाम सांगता येत नाही. क्षयरोग ओळखायचा राहिला आणि क्रोन्स समजून स्टिरॉइड सुरू झाले, तर तो बळावतो. निदान होण्याआधीच 'पोटासाठी मिनरल्स' सुरू करून चार-सहा महिने वाट पाहणे आपल्या भागात विशेष धोक्याचे आहे, ते यामुळे.

आता लोहाकडे येतो, कारण या विकारांत सर्वाधिक आढळणारी कमतरता लोहाचीच असते आणि सर्वाधिक गोंधळही तिथेच आहे. एक मिलिलिटर निरोगी रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. रोज दोन चहाचे चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर, रक्त शौचावाटे गेले तर सुमारे पाच मिलिग्रॅम लोह गेले, आणि निरोगी आतडेसुद्धा सर्वसाधारणपणे आहारातून दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅमच लोह शोषते. एवढा हिशेब मांडला तरी खजूर, बीट, अळिवाचे लाडू आणि लोखंडी कढई यांच्या भरवशावर का राहता येत नाही, हे लक्षात येईल. हे पदार्थ चांगलेच आहेत. पण गळती चालू असलेल्या टाकीत तांब्याने पाणी ओतून ती भरत नाही.

मग गोळी घ्यावी, तर तिथे दुसरी अडचण उभी राहते. दाह चालू असताना शरीरात इंटरल्युकिन-६ सारखी द्रव्ये वाढतात, त्यांच्यामुळे यकृत हेपसिडिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात तयार करते आणि आतड्याच्या पेशींतून रक्तात लोह उतरण्याची वाट हे हेपसिडिन बंद करते. जंतुसंसर्गाच्या वेळी जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीराने केलेली ही सोय असावी, असे मानले जाते. दीर्घकाळच्या दाहात मात्र तीच रुग्णाच्या मुळावर येते. गोळीतील बरेचसे लोह मग आतड्यातच राहते, शौचाला काळे होते, पोटात दुखते, मळमळते. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा न शोषलेल्या लोहाने आतड्याचा दाह वाढल्याचे आणि तेथील जिवाणूंचे संतुलन बदलल्याचे दिसले आहे. माणसांत हा परिणाम तितक्या स्पष्टपणे दिसलेला नाही. गोळीने होणारा शौचाचा काळा रंग आणि वरच्या आतड्यातील रक्तस्रावाने येणारा काळा रंग यांत रुग्णाची गल्लत होते, ती वेगळीच.

या साऱ्याचा विचार करून क्रोन्स आणि कोलायटिसवर काम करणाऱ्या युरोपीय तज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एकोने, २०१५ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रक्तक्षय सौम्य असेल, आजार शांत असेल आणि पूर्वी गोळ्यांचा त्रास झालेला नसेल, तर तोंडावाटे लोह द्यावे आणि तेही दिवसाला १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको. आजार भडकलेला असेल, हिमोग्लोबिन १० च्या खाली गेले असेल किंवा गोळ्या सोसत नसतील, तर शिरेतून लोह द्यावे, असा त्यांचा आशय आहे. एकाला दिलेली गोळी दुसऱ्याला का चालत नाही, याचे उत्तर या वाक्यांत आहे, आणि पुरवणीतील लेखात नेमके याविषयी अवाक्षर नव्हते.

तपासणीविषयीही लिहायला हवे. घोडबंदर रोडवरील मोठ्या गृहसंकुलांत आरोग्य शिबिरे भरतात, स्वस्तातली 'फुल बॉडी' पॅकेजे घेतली जातात आणि अहवालात फेरिटिन ६० आलेले पाहून रुग्ण निर्धास्त होतो, कारण तो आकडा छापील मर्यादेत बसतो. फेरिटिन हे शरीरातील लोहाच्या साठ्याचे माप आहे खरे, पण दाह असला की साठा रिता असूनही ते वर चढते. त्यामुळे दाह नसताना ३० मायक्रोग्रॅमच्या खालचे फेरिटिन कमतरता दाखवते, तर दाह असताना १०० पर्यंतचा आकडाही कमतरतेशी सुसंगत मानला जातो. सोबत सीआरपी (रक्तातून कळणारे दाहाचे माप) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेल्या जाणाऱ्या लोहाचे माप) पाहिल्याशिवाय एकट्या फेरिटिनचा अर्थ लावता येत नाही. दाह आतड्यातच आहे का, हे पाहण्यासाठी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी असते आणि ती आता ठाण्यातल्या लॅबमधूनही करून घेता येते.

यापेक्षाही मला अधिक अस्वस्थ करणारी बाब वेगळी आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. तो इतका सर्रास आहे की एखाद्या बाईचे 'रक्त कमी आहे' म्हटले की पाळी आणि आहार यांपलीकडे कुणाचे लक्षच जात नाही, आणि अनेकदा कारण तेच असतेही. शौचावाटे रक्त जात असेल तर ती मूळव्याध, असे घरीच ठरते. बाईमाणूस त्याविषयी डॉक्टरांकडे उघड बोलायला संकोचते. कळव्याहून आमच्याकडे येणाऱ्या एक मध्यमवयीन बाई रक्त वाढवण्याच्या गोळ्या आणि मूळव्याधीचे मलम या दोन्ही वस्तू एकाच वेळी नेत असत. हे महिनोन्महिने चालल्यावर मी त्यांना त्याविषयी विचारले आणि पोटविकारतज्ज्ञांना दाखवण्याचा आग्रह धरला. कोलोनोस्कोपीत अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. त्यांच्या लोहाच्या गोळ्या चुकीच्या होत्या असे मी म्हणणार नाही, पण त्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन जेमतेम सावरत राहिल्यामुळे मूळ दुखण्याचा शोध लांबला. पुरुषांच्या आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर लोहाची कमतरता आढळली की रक्त पचनमार्गातून जाते आहे का हे पाहणे, ही वैद्यकातील सर्वमान्य पद्धत आहे. माझ्या व्यवसायबंधूंना इतकेच सुचवेन, की या दोन वस्तू एकाच चिठ्ठीवर किंवा चिठ्ठीविना वारंवार मागणाऱ्या गिऱ्हाइकाची विचारपूस करावी. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

शिरेतून लोह देण्याविषयी लोकांत अकारण भीती आहे. पूर्वीच्या काही इंजेक्शनांच्या तीव्र प्रतिक्रियांमुळे ती रुजली असावी. आजची औषधे पुष्कळ सुरक्षित आहेत, तरीही ती रुग्णालयातच, दिल्यावर अर्धा तास देखरेख ठेवून द्यायची असतात, घरी नर्स बोलावून नव्हे. आयर्न सुक्रोज एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅम देता येते, म्हणजे हजार मिलिग्रॅमची गरज असलेल्या रुग्णाला पाच खेपा घालाव्या लागतात. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज एका बैठकीत हजार मिलिग्रॅमपर्यंत देता येते, पण ते महाग आहे. महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये रोजंदारीवर काम करणाऱ्याच्या बाबतीत पाच खाड्यांची मजुरी आणि एका महागड्या बाटलीची किंमत यांचा हिशेब मांडूनच डॉक्टरांनी निवड करावी, असे मला वाटते. या दुसऱ्या औषधाने काही रुग्णांच्या रक्तातील फॉस्फेट घटते, आणि ते वारंवार घेतल्यास हाडे मऊ पडल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. लोह देऊनही थकवा जात नसेल, हाडे दुखत असतील, तर फॉस्फेट तपासावे. एक खनिज भरताना दुसरे उतरू शकते, हे पूरकांच्या जाहिरातींत कधीच लिहिलेले नसते.

जस्ताचीही गोष्ट अशीच आहे. ते मुख्यतः लहान आतड्यात शोषले जाते आणि जुलाबांवाटे पुष्कळ वाया जाते, त्यामुळे क्रोन्सच्या रुग्णांत, विशेषतः आतड्याचा भाग काढलेला असेल किंवा फिस्टुला, म्हणजे आतड्यातून फुटलेली नळीसारखी वाट, वाहत असेल तर, त्याची कमतरता खरोखर येते. जखमा भरत नाहीत, केस गळतात, चव जाते. माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते हे जगाला पटवून देणारे डॉ. आनंद प्रसाद मूळचे बिहारमधील बक्सरचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इराणमधील शिराझ भागातल्या खुंटलेल्या वाढीच्या तरुणांवरील त्यांच्या निरीक्षणांतून हा विषय उभा राहिला. पुढे लहान मुलांच्या जुलाबांत ओआरएससोबत १० ते १४ दिवस जस्त द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ साली केली, आणि आपल्याकडे अंगणवाडी व आशाताईंमार्फत ती घरोघर पोहोचली. हा उपाय उत्तमच आहे. पण मुलाच्या चार दिवसांच्या जुलाबांना जे लागू पडते ते प्रौढाच्या वर्षानुवर्षांच्या आतड्याच्या दाहालाही लागू पडेल, असे धरून चालता येत नाही. क्रोन्समध्ये जस्ताने आतड्याच्या अस्तराची गळती कमी होते, असे दाखवणारा इटलीतील एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला आणि पूरकांच्या प्रचारात त्याचा हवाला अजूनही दिला जातो. त्यात अवघे १२ रुग्ण होते, त्यांचा आजार आधीच शांत होता आणि उपचार आठ आठवड्यांचा होता. त्यावरून अधिक संशोधन व्हावे असे म्हणता येईल, औषध बंद करा असे म्हणता येणार नाही.

करोनाच्या काळात ५० मिलिग्रॅमच्या जस्ताच्या गोळ्या घरोघर गेल्या आणि काहींची ती सवय सुटलीच नाही. प्रौढांसाठी दीर्घकाळ घेण्याची सुरक्षित वरची मर्यादा अमेरिकेत ४० मिलिग्रॅम मानली जाते. त्याहून अधिक जस्त महिनोन्महिने पोटात गेले तर तांब्याचे शोषण रोखले जाते, आणि तांबे कमी पडले की रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, पायांना बधिरपणा येतो, चालताना तोल जातो. आतड्याच्या रुग्णाला पुष्कळदा अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू असते आणि त्यानेही पांढऱ्या पेशी घटतात. रुग्णाने जस्ताविषयी सांगितलेच नाही तर दोष कुणाचा हे डॉक्टरांना कसे कळणार? शिवाय दाह असताना रक्तातील जस्ताची पातळी, प्रत्यक्ष कमतरता नसतानाही, खाली दिसते. म्हणून त्याही अहवालाचा अर्थ सीआरपी पाहूनच लावावा लागतो.

कॅल्शियमच्या बाबतीत मात्र माझे मत पूरकांच्या बाजूचे आहे. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडे हाडांतील कॅल्शियम कमी करतात, जुलाबांच्या भीतीने रुग्ण दूध सोडतो, आणि 'ड' जीवनसत्त्व तर आपल्याकडे उन्हातान्हात राहूनही अनेकांचे कमीच असते. अशा वेळी स्टिरॉइड चालू असेपर्यंत कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व देणे ही मान्य पद्धत आहे. दूध सोसत नसेल तर नाचणीची आंबील चांगली. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जरी त्यातील सगळे शरीराला मिळत नाही. क्रोन्सने लहान आतड्याचा शेवटचा भाग खराब झालेल्यांत अन्नातील ऑक्झलेट या द्रव्याचे मूतखडे होण्याचा धोका वाढतो, आणि मूतखड्याच्या धास्तीने लोक कॅल्शियमच बंद करतात. न पचलेली चरबी कॅल्शियमला अडकवून ठेवते आणि एरवी कॅल्शियमशी बांधले जाणारे ऑक्झलेट मोकळे राहून रक्तात जाते, असे तिथे घडत असते; त्यामुळे जेवणासोबत घेतलेले कॅल्शियम उलट उपयोगी पडते.

मॅग्नेशियम जुलाबांत कमी होते, पण त्याच्या काही गोळ्यांनीच जुलाब वाढतात. बद्धकोष्ठावर दिले जाणारे मिल्क ऑफ मॅग्नेशिया हे मॅग्नेशियमचेच औषध आहे, एवढे सांगितले तरी पुरे. पित्तासाठी वर्षानुवर्षे पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांचेही मॅग्नेशियम उतरू शकते. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांतील अंतर इतके थोडे आहे की ते तपासणीवाचून कुणीही घेऊ नये.

या गोळ्या एकमेकींच्या आणि इतर औषधांच्याही आड येतात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतले तर लोह कमी शोषले जाते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक क्रोन्समध्ये कधी कधी दिले जाते, आणि ते लोह, जस्त, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमशी आतड्यातच बांधले जाऊन निकामी होते. थायरॉइडच्या गोळीचेही तसेच आहे. सकाळी चहासोबत मूठभर गोळ्या एकदम गिळण्याची जी पद्धत आपल्या घरांत रूढ आहे, तिने अर्धी औषधे वाया जातात.

बाजाराविषयी थोडेच लिहितो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार अशा पूरकांच्या वेष्टनावर ते औषधी वापरासाठी नसल्याचे छापावे लागते, आणि २०१८ च्या जाहिरातविषयक नियमांनुसार अन्नपदार्थाने रोग बरा होतो असा दावा करता येत नाही. वेष्टनावर हे बारीक अक्षरांत असते. तोंडी प्रचारात मात्र नेमके उलटे सांगितले जाते. ऐरोलीला नोकरी करणारा एक तरुण मेसालामाइन हे कोलायटिसवरचे नेहमीचे औषध परवडत नाही म्हणून बंद करून, त्याहून अधिक पैसे मोजून, 'आतड्याचे मिनरल पॅक' घेऊ लागला होता. काही महिन्यांत आजार उसळून त्याला रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि स्टिरॉइड घ्यावे लागले. मेसालामाइन लक्षणे थांबल्यावरही चालू ठेवायचे असते, कारण ते आजार पुन्हा उसळण्याचे प्रमाण कमी करते, ही गोष्ट त्याला कुणी नीट समजावलीच नव्हती.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांकडे माझी एक मागणी आहे. अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर स्त्रियांना गरजेनुसार शिरेतून लोह देण्याची तरतूद आहे. हीच सोय पालिका रुग्णालयांत आतड्याच्या दाहाच्या गरीब रुग्णांनाही मिळावी, आणि बाह्यरुग्ण विभागात लोहाच्या गोळ्या लिहून देताना शौचावाटे रक्त जाते का, हा प्रश्न केसपेपरवर छापलेलाच असावा. आपल्या पुरवणीलाही विनंती आहे, की याच विषयावर एखाद्या पोटविकारतज्ज्ञाचा लेख त्याच पानावर, तितक्याच ठळकपणे छापावा आणि कोणतीही चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत, ही सूचना त्यात चौकटीत द्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त फार्मासिस्ट,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)